दुचाकीचा अपघात, मिटवामिटवी आणि विम्याचा क्लेम

तासगाव भागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ, वय २६, द्राक्षबागेत आणि बेदाणा शेडवर काम करणारा. नऊ दिवसांपूर्वी संध्याकाळी मित्राला मागे बसवून तो तासगाव-सांगली रस्त्याने येत होता. कवलापूरजवळ आडव्या रस्त्याने आलेल्या कारने दोघांना उडवलं. भावाच्या उजव्या पायाची नडगी मोडली, मिरजेत ऑपरेशन करून रॉड टाकला. मित्राचं मनगट मोडलं. कारवाल्याने त्याच रात्री १५,००० रुपये हातावर ठेवले आणि वडिलांकडून ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ अशी चिठ्ठी लिहून घेतली. पोलिसांत कोणी गेलं नाही. गाडी वडिलांच्या नावावर, अडीच वर्षांची, ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ असं घरचे म्हणतात. ती गावातल्या मेस्त्रीकडे पडून आहे आणि मेस्त्री म्हणतो, क्लेमच्या नादाला लागू नका, आठ दिवसांत रस्त्यावर आणून देतो. तर आता काही मिळेल का?

मिळेल, आणि १५,००० पेक्षा पुष्कळ जास्त मिळू शकेल. मी सांगली-मिरज भागात वाहन विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस म्हणून वर्षानुवर्षं काम करतोय. मला कंपनी नेमते, फी कंपनी देते, पण लायसन्स विमा नियामकाचं आहे आणि अहवाल जे दिसलं त्याचाच द्यायचा असतो. या कामात मी जितके क्लेम बुडताना पाहिले, त्यातले फार थोडे कायद्यामुळे बुडाले. बहुतेक बुडाले ते पहिल्या काही दिवसांत चुकीचे कागद तयार झाले, किंवा कागदच झाले नाहीत म्हणून. तुमचे नऊ दिवस गेलेत, पण गाडी अजून खोललेली नाही, ही फार मोठी जमेची बाजू आहे. मेस्त्रीला आजच फोन करून सांगा: एक नटही फिरवायचा नाही.

तुमच्या प्रकरणात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. गाडीचं नुकसान ही एक. माणसाची इजा ही दुसरी. पहिली तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतून जाते, तिथे चूक कोणाची हा प्रश्न फारसा येत नाही. दुसरी कारच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून जाते, तिथे चूक कोणाची हाच पहिला प्रश्न. पैशाने मोठी दुसरी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

आधी ती चिठ्ठी. तक्रार नाही असं लिहून दिलं म्हणजे हात बांधले गेले, असं घरच्यांना वाटतंय. तसं नाही. हयगयीने गाडी चालवून एखाद्याचं हाड मोडणं हा दखलपात्र गुन्हा आहे. वडिलांनी लिहिलेल्या कागदाने भावाचा फिर्याद देण्याचा हक्क जात नाही. १५,००० घेतले ही गोष्ट मात्र लपवू नका. फिर्यादीत स्पष्ट सांगा की त्या रात्री उपचारासाठी एवढे पैसे दिले आणि वडिलांची सही घेतली, तेव्हा भाऊ ऑपरेशनच्या तयारीत होता आणि इजा किती मोठी आहे हे कोणालाच कळलेलं नव्हतं. हे लपवलं आणि समोरच्याने ती चिठ्ठी कोर्टात काढली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका येते.

आपल्याकडे अपघाताच्या जागी चार मोठी माणसं जमतात आणि पोरं जिवंत आहेत ना, मग मिटवा, असं म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पोलीस ठाण्याची पायरी, कोर्टाच्या तारखा, गावातली नाती, सगळ्याचा विचार करूनच ते बोलतात. पण हाड मोडलेल्या अपघातात मिटवणं म्हणजे समोरच्या माणसाचे पैसे वाचवणंही नसतं. त्याने विम्याचा हप्ता भरलेला असतो, भरपाई कंपनी देणार असते. कारवाल्याला हे शांतपणे समजावून सांगितलं तर पुष्कळ जण विरोध सोडतात. गाडीचे कागद पूर्ण असतील तर त्याच्या खिशातून भरपाईचा रुपया जात नाही. फौजदारी केस त्याच्यावर होते हे खरं, आणि त्याची भीतीही खरी आहे. पण तुमच्या भावाचा पाय त्या भीतीची किंमत देऊ शकत नाही.

उशीर झाला म्हणून पोलीस फिर्याद घेणार नाहीत, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. घरचा माणूस ऑपरेशनला पडलेला असताना कुटुंब आधी दवाखान्यात धावतं, ठाण्यात नाही, आणि एवढ्याच कारणाने भरपाईचा दावा संशयास्पद ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे जा, लेखी अर्ज न्या, पोच घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. उशिराचं कारण अर्जात एका ओळीत खरं लिहा.

आता दवाखान्यातल्या नोंदीकडे वळू, कारण खरी मेख तिथे असते. अपघाताचा रुग्ण आला की कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, काय झालं? सोबत आलेला माणूस पोलीस केस टाळायला म्हणतो, गाडी घसरून पडला. डॉक्टर एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केस होऊ शकणाऱ्या रुग्णांच्या रजिस्टरमध्ये आणि केसपेपरवर तेच लिहितो. तीच माहिती पोलिसांना वर्दी म्हणून जाते. सहा महिन्यांनी तुम्ही न्यायाधिकरणात सांगता की कारने उडवलं, आणि कंपनीचा वकील पहिला कागद काढतो तो हाच. म्हणून आजच दवाखान्यातून केसपेपर आणि एमएलसीची प्रमाणित प्रत मागा आणि पहिल्या रात्री नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ‘कारची धडक’ लिहिलं असेल तर पन्नास टक्के काम झालं. ‘स्लिप होऊन पडला’ असं असेल तर घाबरू नका, पण खाडाखोड करून घ्यायला जाऊ नका. ही माहिती कोणी दिली, भाऊ शुद्धीत होता का, हे फिर्यादीत आणि जबाबात सांगा. मागे बसलेला मित्र हा सर्वांत चांगला साक्षीदार आहे, त्याचाही जबाब होऊ द्या. रस्त्यावर एखाद्या दुकानाचा किंवा पेट्रोल पंपाचा कॅमेरा असेल तर उद्याच जाऊन विनंती करा. बऱ्याच ठिकाणचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि नऊ दिवस आधीच गेलेत.

कारचा नंबर तुमच्याकडे आहे असं धरतो. एमपरिवहन ॲपवर तो टाकला की विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत चालू हे दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. अपघाताच्या दिवशी विमा चालू असला पाहिजे, आज नव्हे. दुसऱ्या दिवशी काढलेल्या पॉलिसीने आदल्या रात्रीचा अपघात झाकला जात नाही. विमा नसेलच तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. दावा तेव्हाही होतो, वसुलीला मात्र वेळ लागतो.

फिर्याद नोंदली की घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांचा पंचनामा आणि आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी होते. यासाठीही गाडी खोलायची नाही. कोणत्या बाजूला मार आहे, पुढचा फोर्क कोणत्या दिशेला वाकलाय, टाकीवर कारचा रंग लागलाय का, यावरून धडक कशी बसली ते कळतं. तुमच्या गाडीला उजव्या बाजूने मार असेल आणि कारच्या पुढच्या बंपरला तोच मार असेल, तर माणसं काहीही सांगोत, लोखंड खरं सांगतं. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तपासी अंमलदाराला याबद्दल नम्रपणे विचारत राहा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्यासाठी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दाखल होतो. कार पुण्याची असो की बेळगावची, तुम्ही जिथे राहता तिथे दावा टाकता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने धरून चाला. त्याच कायद्यात कलम १६४ ही दुसरी वाट आहे: चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. पटकन मिळणारा पैसा म्हणून ही वाट मोहात पाडते. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. भावाच्या वयाच्या आणि कामाच्या माणसाने ती घेण्याआधी पुढचं गणित पाहावं.

समजा भावाची महिन्याची कमाई १५,००० रुपये. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरलं आणि कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यातही तेच लावलं जातं. म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वय २६ ते ३० साठी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १७, तो सरला वर्मा निकालातला, २००९ चा. होतात ४२,८४,०००. कमाई करण्याची ताकद १५ टक्क्यांनी कायमची घटली असं न्यायाधिकरणाने मानलं तर त्याचे १५ टक्के म्हणजे ६,४२,६००. शिवाय दवाखान्याची बिलं, घरी बसलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, गाडीभाडं, सोसलेल्या वेदनेची भरपाई, पुढे रॉड काढायचा खर्च. हा आकडा मिळेलच असं मी म्हणत नाही, टक्केवारी आणि उत्पन्न दोन्हींवर कंपनी भांडेल. पण १५,००० रुपयांत काय मिटवलं जात होतं, ते यावरून कळावं.

यातला १५ टक्क्यांचा मुद्दा नीट समजून घ्या. डॉक्टर दाखल्यावर लिहितात पायाचं अपंगत्व किती. न्यायाधिकरणाने बघायचं असतं ते त्या पायामुळे या माणसाचं काम किती अडलं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा गुडघा पूर्ण वाकला नाही तर पगार तोच राहतो. द्राक्षबागेतल्या माणसाला खाली बसून बुंध्याशी काम करावं लागतं, तासन्‌तास हात वर करून फांद्या बांधाव्या लागतात, ओल्या सरीत फवारणीची नळी ओढावी लागते. शेडवर बेदाण्याचे क्रेट उचलावे लागतात. हे सगळं दाव्यात शब्दांत आलं पाहिजे आणि साक्षीत सांगितलं गेलं पाहिजे. नुसता दाखला जोडला तर वाचणाऱ्याला पाय दिसतो, काम दिसत नाही.

उत्पन्नाचा पुरावा हा आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक दाव्याचा अशक्त दुवा. मजुरी रोख मिळते, शेडमालक लिहून द्यायला कचरतो. तरी शोधा: बँकेच्या पासबुकातल्या जमा, फोनवरून आलेले पैसे, शेडवरची हजेरी वही, भावाच्या नावावर बाग असेल तर सातबारा आणि द्राक्षाची किंवा बेदाणा सौद्याची पट्टी. शेडमालक साक्षीला येणार असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दवाखान्याची मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, एक्सरे, डिस्चार्ज कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. मेडिक्लेम असेल आणि ती कंपनी मूळ बिलं मागत असेल तर देण्याआधी प्रमाणित प्रती काढून घ्या.

मित्राला विसरू नका. तो कारच्या दृष्टीने पूर्ण तिऱ्हाईत, त्याचा स्वतंत्र दावा आहे आणि तो तुमच्यापेक्षा सोपा आहे. तुमच्या भावाचीही थोडी चूक निघाली, तर त्या प्रमाणात भावाची भरपाई कमी होते. मित्राची होत नाही, कारण तो गाडी चालवत नव्हता. दोघांच्यात यावरून वितुष्ट येऊ देऊ नका, एकमेकांचे साक्षीदार आहात.

हेल्मेटबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. नसेल घातलं तरी दावा बाद होत नाही. पायाच्या फ्रॅक्चरचा हेल्मेटशी संबंध जोडणंही कठीण. डोक्याला मार असता तर कंपनीने तो मुद्दा जोरात मांडला असता.

आता गाडीकडे येऊ. ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स’ या समजुतीने फार लोक फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला पॉलिसीवर ओडी म्हणतात, तो बहुतेक वेळा पहिल्या एकाच वर्षाचा असतो आणि दरवर्षी वेगळा भरायचा असतो. पॉलिसीचा कागद काढा. त्यावर मुदतीच्या दोन ओळी असतील. थर्ड पार्टीची ओळ पाच वर्षांची, ओडीची ओळ एक वर्षाची. अडीच वर्षांच्या गाडीचा ओडी दीड वर्षापूर्वीच संपलेला असण्याची शक्यता दाट आहे, तुम्ही नूतनीकरण केलं नसेल तर. तसं असेल तर तुमच्या कंपनीकडून गाडीचा एक रुपया मिळणार नाही. तेव्हा दुरुस्तीचा खर्च कारच्या थर्ड पार्टी विम्यातून मागायचा. मालमत्तेच्या नुकसानीसाठी साध्या कारच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते, मालकाने ती कमी करून ६,००० वर आणलेली नसेल तर. हा खर्च भावाच्या दाव्यात आपोआप येत नाही. गाडीचे मालक वडील आहेत, म्हणून ही मागणी वडिलांच्या नावाने कशी घालायची ते वकिलाशी आधीच बोला.

ओडी चालू असेल तर आजच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. पॉलिसीत ‘ताबडतोब कळवा’ असं असतं, पण केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये असं विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना बजावलंय. कारण लिहा: जखमी दवाखान्यात, ऑपरेशन, तारखा. डिस्चार्ज कार्ड जोडा. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीचा निर्णय यायचा. ५०,००० च्या आतल्या नुकसानीला कंपनी स्वतःच्या माणसाकडून, अनेकदा नुसत्या फोटो-व्हिडिओवरही पाहणी उरकू शकते. फोटो तुम्हीच काढणार असाल तर नंबर प्लेटसह चारही बाजूंनी, मग प्रत्येक मोडका भाग जवळून, आणि मीटरचं रीडिंग.

सर्व्हेअर प्रत्यक्ष आला तर काय बघतो ते सांगतो. आधी हँडलखालच्या नळीवर कोरलेल्या चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतो किंवा फोटो काढतो, आरसी बुकाशी पडताळतो. मग मार ताजा की जुना. ताजी खरवड उघड्या लोखंडाची चमकते, जुन्या खरवडीत गंज आणि तेलकट धूळ बसलेली असते. सायलेन्सरवरचा जुना पोचा या अपघातात घालायला गेलात तर तो कापला जाईलच, पण सर्व्हेअर बाकीच्या प्रत्येक भागाकडे संशयाने बघू लागेल. समोर उभं राहून फोर्कच्या दोन नळ्या एका रेषेत आहेत का बघतो, गरज असेल तर खोलायला सांगतो. खोलल्यावर आत आणखी मोडतोड दिसली तर पुन्हा कळवून तीही दाखवायची. काढलेले मोडके भाग क्लेम मिटेपर्यंत फेकू नका, भंगारवाल्याला देऊ नका.

किती मिळेल? अडीच वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर १५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब, बॅटरीवर सरळ ५० टक्के. जीएसटी बाजूला ठेवून एक उदाहरण घेऊ. व्हायझर, मडगार्ड, इंडिकेटर, साइड पॅनल असं प्लास्टिक ४,२०० चं, मिळतील २,१००. हँडल, फोर्क, फूटरेस्ट, सायलेन्सर असं लोखंड ९,६०० चं, मिळतील ८,१६०. मजुरी १,८०० पूर्ण. सक्तीची वजावट दुचाकीला १०० रुपये. एकूण बिल १५,६०० आणि हातात ११,९६०. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण घेतलेलं असेल तर घसाऱ्याचाही बराच भाग परत येतो. गाडी उचलून नेण्याचे साध्या पॉलिसीत ३०० रुपयांपर्यंतच मिळतात. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण नुकसान धरली जाते.

क्लेम घेतला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाईल, असं मेस्त्री सांगत असेल. बोनस फक्त ओडीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीवर नाही. साध्या दुचाकीचा ओडी हप्ता समजा ९०० रुपये आणि बोनस २५ टक्के, म्हणजे २२५ रुपये. त्यासाठी १२,००० सोडायचे का ते तुम्हीच बघा. चारचाकीचा हिशोब वेगळा, तो दुचाकीला लावू नका.

मेस्त्रीकडेच दुरुस्ती करायची असेल तर हरकत नाही, कंपनीच्या कॅशलेस गॅरेजमध्येच न्या अशी सक्ती नसते. पण त्याचं छापील बिल, त्यावर भागांची नावं आणि किंमत, पैसे दिल्याची पावती लागेल. चिठोऱ्यावरचा हिशोब चालत नाही. बरेच गावातले मेस्त्री क्लेमला नाही म्हणतात ते याच कारणाने. त्यांचं काम चांगलं असतं, बिल बुक नसतं.

वडिलांच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असेल. पण ते गाडीच्या मालकाचं, आणि मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. भाऊ गाडी चालवत होता, त्याला ते लागू नाही. शिवाय ते मृत्यू, हात-पाय किंवा डोळा गमावणं, कायमचं पूर्ण अपंगत्व यासाठी असतं, मोडलेल्या हाडासाठी नसतं. ज्या घरात एक गाडी आणि चालवणारे तिघे आहेत त्यांनी पुढच्या वेळी चालवणाऱ्यांसाठी वेगळं अपघात संरक्षण जरूर घ्यावं. बँकेतली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांपर्यंतचं संरक्षण देते, पण तीही मृत्यू आणि अवयव गमावण्यापुरतीच.

आता एका गोष्टीबद्दल मला कडक बोलायचंय. भावाचं लायसन्स काढून बघा. त्यावर गिअरच्या मोटरसायकलची नोंद हवी. नुसतं कारचं किंवा ट्रॅक्टरचं लायसन्स दुचाकीला चालत नाही. ती नोंद नसेल तर कोणीतरी नक्की सुचवेल: वडिलांकडे लायसन्स आहे, गाडी तेच चालवत होते असं लिहा. हे करू नका. एमएलसीत जखमी म्हणून भावाचं नाव आहे, मित्राच्या जबाबात चालक तोच आहे, रॉड त्याच्या पायात आहे. कंपनीचा तपासनीस दवाखान्यात जाऊन अर्ध्या तासात हे काढतो. मग गाडीचा क्लेम तर जातोच, खोट्या क्लेमचा गुन्हा मागे लागू शकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वडील चालवत होते असा कागद तुमच्याच सहीने तयार झाला की भावाचा कारविरुद्धचा लाखांचा दावा त्या कागदावर आपटतो. दहा-बारा हजारांच्या दुरुस्तीसाठी सात-आठ लाख घालवलेलं कुटुंब मी पाहिलंय. लायसन्स नसेल तर गाडीचा क्लेम सोडून द्या आणि खरं सांगा. नुसतं लायसन्स नव्हतं एवढ्यावरून अपघातात चालकाची चूक ठरत नाही, कारविरुद्धचा दावा उभा राहतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. आपल्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्रीचे निम्मे प्रश्न असतात ते उसाच्या ट्रॉलीला मागून धडकल्याचे. रिफ्लेक्टर नाही, मागचा दिवा नाही, टायर फुटून ट्रॉली रस्त्यातच उभी. मागून धडकला म्हणजे चूक दुचाकीवाल्याचीच, असं धरून लोक गप्प बसतात. तसं नाही. अंधारात दिव्याशिवाय, दगड-फांदीच्या इशाऱ्याशिवाय उभ्या केलेल्या वाहनाची चूक न्यायाधिकरणं मानतात, निदान वाटून तरी देतात. तेव्हा त्याच रात्री मागचा भाग अंधारात कसा दिसतो त्याचा फोटो घ्या, आणि ट्रॅक्टरचा नंबर घ्या तसा दोन्ही ट्रॉल्यांचाही घ्या. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विमाही बघावा लागतो, आणि सकाळपर्यंत ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीवर रिकामी होऊन निघून गेलेली असते.

ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० सरकारी निधीतून मिळतात, पण त्यालाही पोलिसांतली नोंद लागते. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. तुमच्या भावासाठी ती वेळ गेली, पण पुढच्या कोणाला दाखल करताना पहिल्याच तासात विचारा. शेतकरी कुटुंबात मृत्यू झाला किंवा अवयव गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात द्यावा लागतो, आणि दुःखात ते दिवस निघून जातात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आठवण करून द्यावी.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तुम्हाला एखादा माणूस भेटलाच असेल, जो म्हणतो सगळं आम्ही बघतो, फक्त इथे सही करा. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. वकील स्वतः भेटून निवडा. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे, फी आकड्यात ठरवा. फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्यांच्या निकषांत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळतो.

गाडीचा क्लेम कंपनीने नाकारला किंवा तुम्हाला पटणार नाही इतका कापला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, त्याचा फोन १५५२५५. तरी नाही जमलं तर पुण्याचा विमा लोकपाल, एक वर्षाच्या आत, फी नाही. भावाच्या दुखापतीचा दावा मात्र तिथे चालत नाही, तो न्यायाधिकरणातच.

आणि त्या दाव्यात पुढे एक प्रसंग येईल. दावा टाकल्यावर काही महिन्यांनी लोकअदालतीत कंपनी आकडा देईल. तडजोड वाईट नसते, वर्षं वाचतात, मी स्वतः अनेकांना ती घ्यायला सांगतो. पण लोकअदालतीत मिटलेल्या दाव्याला अपील नसतं. म्हणून हाड पूर्ण जुळलं, रॉड काढायचा की ठेवायचा हे डॉक्टरांनी सांगितलं आणि अपंगत्वाचा दाखला हातात आला, त्यानंतरच आकड्यावर बोला. भाऊ अजून कुबड्यांवर असताना कोणीही कितीही घाई केली तरी सही करायची नाही.